ब तुकडीचा क्रमांक त्रेपन्न

खटकेबुवांनी सव्वीस वर्षं सरकारी नोकरीत लोकांचे दिवे घालवले आणि त्याबद्दल त्यांना कुणी कधी शिव्या दिल्या नाहीत. वीज खात्यातल्या माणसाबद्दल यापेक्षा चांगलं काही लिहिता येईल असं वाटत नाही.

शहराच्या कडेला जाळीच्या कुंपणात ट्रान्सफॉर्मर घुमत असत आणि त्यांच्या शेजारच्या बसक्या खोलीत बुवांची ड्युटी असे. समोरच्या भिंतीवर नऊ काळी हँडलं, शहराच्या एकेका भागाच्या वीजवाहिनीचं, म्हणजे फीडरचं, एकेक. प्रत्येकाखाली पत्र्याची पट्टी: 'एक, बाजार', 'दोन, काच कारखाना', अशी करत करत नऊपर्यंत. त्या सगळ्यांच्या वर एक मोठं लाल हँडल, ते अख्ख्या शहराचं. टेबलावर टेलिफोन आणि लॉगबुक. कुठलं हँडल किती वाजता खाली ओढलं आणि किती वाजता वर केलं हे मिनिटासकट वहीत लिहायचं, ही नोकरी. ती इतकी अंगात मुरली होती की घरी आंघोळीला जातानाही बुवा आधी घड्याळ बघत, आणि बायको म्हणे, लिहून ठेवा हो कुठेतरी.

नियमांच्या पुस्तकात नसलेली एक गोष्ट ते करीत. दुरुस्तीसाठी एखाद्या भागाचा पुरवठा तोडायचा असला की आधी ते हँडल क्षणभर खाली-वर करीत. त्या भागातले दिवे एकदा मिटून उघडत. मग बुवा साठ आकडे मोजत, आणि मगच खरोखर बंद करीत. ही पद्धत त्यांना आधीच्या ऑपरेटरने लावून दिली होती. त्याच्या उमेदवारीच्या काळात अचानक गेलेल्या दिव्यांमुळे एक बाई जिन्यावरून गडगडली होती, आणि ती नेमकी त्याची सख्खी मावशी निघाल्यामुळे विसरायची सोय उरली नव्हती. शहराला आता या साठ आकड्यांची सवय होती. दिवा मिटून उघडला की लिफ्टमधली माणसं येईल त्या मजल्यावर उतरत, घरातली बाई मेणबत्ती शोधायला लागे, आणि न्हावी गिऱ्हाइकाच्या गळ्यावरून वस्तरा उचलून "बसा जरा" म्हणे. सरकारकडून या शहराला मिळालेली सर्वांत भरवशाची गोष्ट हीच होती, आणि ती सरकारला माहीत नव्हती.

बुवांचं घर शाळेमागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. घरात तिघं. बायको रेडिओच्या कारखान्यात वीस वर्षं तारेची कॉइल गुंडाळत होती. तिसऱ्या म्हणजे सासूबाई. त्या समोरच्याच शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि सगळं शहर त्यांना नुसतं 'बाई' म्हणे. बुवा परगावचे, त्यांच्या हाताखाली शिकलेले नव्हते, आणि ही उणीव बाईंनी त्यांना कधी विसरू दिली नाही. लग्न ठरताना त्यांनी जावयाला एकच प्रश्न विचारला होता: तुमच्या घराचं दार कुठल्या दिशेला? बुवांनी विचार करून "जिन्याच्या" असं सांगितलं होतं. त्याला आता बावीस वर्षं झाली होती, पण हे उत्तर अजून पाहुण्यांना ऐकवलं जाई.

त्या वर्षी काच कारखान्यात संप झाला. सरकारने तो मोडला, आणि मोडून झाल्यावर माणसं उचलायला सुरुवात केली. चौदा जण गेले ते परत आले नाहीत. कुठे आहेत विचारायला गेलेल्या घरच्यांकडून 'आमचा माणूस स्वखुशीने परगावी कामाला गेला आहे' अशा कागदावर सही घेण्यात आली, आणि पुन्हा नाव काढलंत तर घरातला दुसराही परगावी जाईल, हे तोंडी सांगण्यात आलं. वर्तमानपत्रांत काही दिवस कोऱ्या जागा येत होत्या. लोक त्याच सर्वांत लक्षपूर्वक वाचतात असं ध्यानात आल्यावर कोऱ्या जागांवरही बंदी आली. सरकारी रेडिओ रोज संध्याकाळी साडेसातला, परिस्थिती पूर्ण नियंत्रणात आहे, असं सांगे. बाई म्हणत, रोज सांगावं लागतंय त्याअर्थी रोज सुटत असणार.

उचललेले चौदाही जण एकाच वर्षीच्या ब तुकडीतले होते. बावन्न मुलांचा तो वर्ग म्हणजे बाईंच्या नोकरीतला सर्वांत वाह्यात वर्ग. शाळा सुटल्यावर तो निम्म्याहून जास्त काच कारखान्यात भरती झाला, आणि तिथेही वाह्यातपणा न सोडता त्याने संघटना काढली. बाईंनी त्यांच्यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी बाकावर उभं केलेलं होतं. त्या पोरांना दुसऱ्या कुणी उभं केलेलं बाईंना खपणार नव्हतं.

घरात काहीतरी शिजतंय हे बुवांना मीटरवरून कळलं. एका संध्याकाळी ड्युटी बदलून ते लवकर आले, तर जिन्यातल्या मीटरची चकती गरगर फिरत होती. सात वाजून बेचाळीस मिनिटं. नवी इस्त्री घेतली की काय, असं मनात म्हणत ते वर गेले. स्वयंपाकघरात पिठाचा डबा उघडा होता आणि त्यात पिठाऐवजी बायकोच्या हातच्या, कारखान्यात शाबासकी मिळेल अशा, चार कॉइल होत्या. डब्यातून निघालेली तार खिडकीतून गच्चीवर गेली होती. तिथली कपडे वाळत घालायची दोरी गेले काही दिवस तांब्याची का झाली आहे, याचाही उलगडा झाला. खिडकीशी खुर्ची घेऊन बाई बसल्या होत्या. भिंतीकडे तोंड करून बोलायला त्यांनी पहिल्याच दिवशी नकार दिला होता. वर्गाकडे पाठ करून कुणी शिकवतं का? खिडकीतून खालचं शहर, समोरची टेकडी आणि तिच्यावरची अधिकाऱ्यांची वसाहत दिसे. बाईंच्या मांडीवर जुना हजेरीपट होता.

"ब तुकडी," त्या मायक्रोफोनला सांगत होत्या. "क्रमांक चार. एकवीस दिवस गैरहजर. घरी आई आजारी आहे, शेजाऱ्यांनी बघावं. क्रमांक सतरा. एकोणीस दिवस गैरहजर. परगावी गेलेला नाही. पायात चप्पलसुद्धा न घालता कुणी परगावी जात नाही."

नावं त्या घेत नव्हत्या, कारण नाव घेतलं की घरच्यांवर बालंट आलं असतं. पण सतरा क्रमांक कोण हे शहरात कुणाला सांगावं लागत नव्हतं. आणि बाहेरून बदलून आलेल्या कुठल्याही अधिकाऱ्याला ते कळायचा मार्ग नव्हता. प्रत्येक क्रमांकानंतर बाई दोन क्षण थांबत. तेवढ्यात घराघरांतून, दारं लावून, रेडिओचा आवाज बारीक करून, माणसं त्या क्रमांकाच्या वतीने "हजर" म्हणत.

त्या रात्री जेवताना बुवांनी कायदा समजावून सांगितला. विनापरवाना प्रक्षेपणाला सात वर्षं. बाईंचं वय एकाहत्तर. बेरीज करून दाखवायची गरज त्यांना वाटली नाही.

"जावईबापू," बाई म्हणाल्या, "एकतीस वर्षं मी रोज सकाळी बावन्न नावं वाचली. एक नाव कमी पडलं तर शिपाई घरी पाठवत होते. आता चौदा कमी आहेत आणि मी गप्प बसू? तुम्हाला भीती वाटत असेल तर संध्याकाळी फिरायला जात जा. मात्र परत यायचा रस्ता कुणालातरी विचारून ठेवा."

बुवा फिरायला गेले नाहीत. पंधरा दिवसांनी त्यांनी सबस्टेशनातून मोडीत काढलेल्या बॅटऱ्या दोन पिशव्यांतून घरी आणल्या. जुन्याच, जेमतेम बारा मिनिटं दम धरतील अशा. वीज गेली तर असाव्यात म्हणून, एवढंच म्हणाले. बायकोने निमूटपणे त्या ओट्याखाली ठेवल्या आणि डब्याला एक जादा बटण बसवलं.

साहेब आले ते पुढच्या महिन्यात. राजधानीतून खास या कामासाठी पाठवलेले, इस्त्रीतून आत्ताच काढल्यासारखे. उतरले होते टेकडीवरच्या वसाहतीत. सबस्टेशनात ते सात वाजून वीस मिनिटांनी शिरले, बरोबर इथल्याच चौकीतला एक हवालदार आणि बॅटरीवर चालणारा रेडिओ. आल्या आल्या त्यांनी, कुणाला फोन जाऊ नये म्हणून, टेलिफोनचा रिसीव्हर काढून टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर स्वतःची टोपी ठेवली. मग योजना सांगितली. योजना सोपी होती. ती चोरटी म्हातारी बोलायला लागली की एकेक हँडल खाली ओढायचं, अर्धं मिनिट थांबायचं, वर करायचं. ज्या हँडलाबरोबर तिचा आवाज बंद होईल, त्या भागात ती. मग तो भाग वेढायचा आणि घर न् घर तपासायचं. शिपायांच्या दोन गाड्या बाहेर उभ्याच होत्या.

बुवांनी भिंतीकडे पाहिलं. हँडल सहा: शाळा व मागील गल्ली. बाईंचा डबा मीटरवर चालत होता. बॅटऱ्या ओट्याखाली होत्या आणि त्या जोडायला कुणीतरी सांगायला हवं होतं. सांगायची एकच रीत बुवांना येत होती, पण तीही आज उलटली असती. सहा नंबरचं हँडल नुसतं खाली-वर केलं तरी बाईंचा आवाज क्षणभर तुटणार, आणि साहेबांचे कान त्याच्यासाठीच टवकारलेले.

सात चाळीसला आवाज आला. खणखणीत. "ब तुकडी. शांत बसा."

हवालदार नकळत ताठ झाला. बुवांनी ते पाहिलं, पण त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं.

"साहेब, बंद करण्याआधी सूचना द्यावी लागते," ते म्हणाले.

"नियमात आहे?"

"नियमात नाही. पद्धत आहे."

साहेबांनी पद्धतीबद्दलचं आपलं मत थोडक्यात सांगितलं. बुवांनी ते ऐकून घेतलं आणि लॉगबुक त्यांच्यासमोर सरकवलं. हरकत नाही, म्हणाले. चार नंबरवर हॉस्पिटल आहे, आत्ता तिथे कुणाचं पोट फाडलेलं असेल कुणास ठाऊक. सूचना न देता बंद केलं असं मी लिहितो, शेजारी हुकूम देणाऱ्याची सही लागते, ती तेवढी करा. साहेबांनी पेन हातात घेतलं, वहीकडे पाहिलं, आणि सरकारी नोकरीत वर चढलेल्या प्रत्येक माणसाला जे कळतं ते त्यांना कळलं.

"किती वेळ लागेल सूचनेला?"

"एकेकाला दिली तर नऊ मिनिटं. सगळ्या शहराला एकदम दिली तर एकच."

वेळ वाचवणं साहेबांना आवडत असे. सूचना दिली असल्याची सही त्यांनी पानाच्या वरच्या बाजूला ठोकून दिली. बुवांनी लाल हँडल दोन्ही हातांनी धरलं, खाली ओढलं आणि लगेच वर केलं. अख्खं शहर एकदा मिटलं आणि उघडलं. रेडिओतला आवाज तुटला, पुन्हा आला.

"तुटला," साहेब म्हणाले.

"सगळ्यांचंच तुटलं, साहेब," बुवा म्हणाले आणि मोजायला लागले.

सव्वीस वर्षांत त्यांनी साठ आकडे हजारो वेळा मोजले असतील, पण ते इतके लांब असतात हे त्या दिवशी कळलं. दहाला बायको मान वर करून दिव्याकडे बघेल. वीसला ओट्याखाली वाकेल. तिला कळलं असेल ना? की कुठेतरी दुरुस्ती असेल, आपल्याला काय, असं म्हणेल? पस्तिसाव्या आकड्याला रेडिओत खट् झालं आणि बाईंचा आवाज थोडा बारीक झाला. साहेबांनी भुवई उचलली. आवाजाला काय झालं, त्यांनी विचारलं.

"साहेब, तुमच्या रेडिओचे सेल उतरलेत," हवालदार म्हणाला. "मघापासून बारीकच आहे."

बुवांनी हवालदाराकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. हवालदार छताकडे बघत होता, शाळेत खोडी काढल्यावर पोरं बघतात तसा.

साठ झाले. एक नंबर खाली: बाजार अंधारात. बाई बोलतच होत्या. दोन, तीन, चार, पाच. बाई बोलत होत्या. बुवांनी सहा नंबरचं हँडल धरलं. त्यांनी ते ओढलं. शाळेमागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, त्यांच्या स्वतःच्या घरात अंधार झाला असणार. बाई म्हणाल्या, "क्रमांक बावीस. मुलगी चालायला लागली. त्याला कळावं म्हणून सांगते." अर्धं मिनिट अख्खं गेलं. बुवांनी हँडल वर केलं आणि वहीत वेळ लिहिली.

सात. आठ. साहेबांनी घड्याळ पाहिलं. नऊ नंबर बुवांनी ओढलं ते नुसतं यादी पुरी करायची म्हणून.

आणि बाईंचा आवाज वाक्याच्या मध्यावर बंद पडला.

खोलीत रेडिओची फक्त खरखर उरली. साहेबांच्या चेहऱ्यावर शिकार सापडल्याचा आनंद पसरला. त्यांनी बोट दाखवलं: हे हँडल कुठलं? बुवांनी पट्टीकडे पाहिलं. पाठ असूनही त्यांनी ती वाचली.

"अधिकारी वसाहत, साहेब."

बुवांनी हँडल वर केलं. बाई अर्धवट सोडलेल्या शब्दापासून पुढे सुरू झाल्या. साहेबांनी पुन्हा ओढायला लावलं. बाई बंद. वर: बाई चालू. तिसऱ्यांदा ओढलं तेव्हा साहेबांचा आनंद मावळून त्यांच्या मनात आपल्या शेजाऱ्यांची एकेक करून तपासणी चालली होती. बुवांनी तिन्ही नोंदी वहीत नेटक्या केल्या: फीडर नऊ बंद, आवाज बंद, फीडर नऊ चालू, आवाज चालू. वर साहेबांची सही होतीच.

घरी पोचल्यावर बुवांनी बाईंना विचारलं, तुम्हाला कसं कळलं? बाई दुधाचा पेला हातात घेऊन बसल्या होत्या.

"खिडकीतून बघत होते. एक भाग गेला, आला. दुसरा गेला, आला. म्हटलं, अरे, ही तर हजेरी चाललीय. गल्ल्यांची. एकेकाला हाक मारून कोण गप्प होतं ते बघतायत." त्यांनी दूध संपवलं. "आणि हजेरीत एकाच्या जागी दुसऱ्याने ओ द्यायची, ही खोडी मी एकतीस वर्षं पकडलीय. एकदा करून बघायची होती. टेकडी विझली आणि मी गप्प बसले."

पुढचे तीन आठवडे अधिकारी वसाहतीत घरोघर झडती झाली. आचाऱ्यांच्या जबान्या घेण्यात आल्या. दोन खातेप्रमुख एकमेकांशी बोलेनासे झाले आणि एका साहेबांच्या बायकोने माहेर गाठलं. बाई रोज सात चाळीसला शांत बसा म्हणत होत्या, आणि शहर बसत होतं.

चौथ्या आठवड्यात कुणीतरी लॉगबुक नीट वाचलं. साठ आकड्यांची सूचना अख्ख्या शहराला का दिली, असा प्रश्न उपस्थित झाला, आणि खटकेबुवांना ड्युटीवरून उचलण्यात आलं. त्यांनी तोंड उघडलं नाही असं म्हणता येणार नाही. रोज उघडलं. म्हातारी कुठल्या भागात आहे, असं विचारलं की ते सांगत, "वहीत लिहिलंय, साहेब. फीडर नऊ. खाली तुमचीच सही आहे." "खाली नाही, वर," असं साहेबांनी एकदा ओरडून सांगितलं, तेव्हा बुवांनी चूक मान्य केली. वर. मारही खाल्ला. डाव्या कानाने त्यानंतर कमीच ऐकू यायचं. पण उत्तर बदललं नाही. सव्वीस वर्षांत त्यांनी वहीतली एकही नोंद खोडलेली नव्हती आणि आता सुरुवात करायचं त्यांना काही कारण दिसत नव्हतं.

नवव्या दिवशी संध्याकाळी कोठडीच्या बोळात तोच हवालदार ड्युटीला आला. स्टुलावर बसून त्याने सरकारी बातम्या लावल्या. परिस्थिती नियंत्रणात असल्याचं ऐकून झाल्यावर त्याच्या बोटाने रेडिओचा काटा सूतभर सरकला.

"ब तुकडी. शांत बसा."

बुवा गजांशी येऊन उभे राहिले. उजवा कान पुढे करून.

"क्रमांक सतरा," बाई म्हणाल्या, आणि बोळाच्या टोकाच्या कोठडीतून, खोल गेलेल्या आवाजात, कुणीतरी स्वतः "हजर" म्हणालं. क्रमांक बावीसला दुसऱ्या कोठडीतून. बाईंना कोण कुठे आहे, कुणाच्या पायात चप्पल नव्हती, हे कुठून कळत होतं, तेही बुवांना आता कळलं. हवालदार छताकडे बघत होता. "मी एकतीस," तो हळूच म्हणाला. "मागचा बाक."

चौदा क्रमांक झाले. बाई थांबल्या. पान उलटल्याचा आवाज आला.

"क्रमांक त्रेपन्न," त्या म्हणाल्या. "नऊ दिवस गैरहजर. नव्या माणसाने काल बाजार बंद केला तो सूचना न देता, आणि न्हाव्याच्या हातून एकाचा गाल कापला. त्रेपन्नने लवकर परत यावं. दार पूर्वेला आहे."

बुवा वाट बघत राहिले. बोळात कुठूनच उत्तर आलं नाही. कोण बिचारा असेल, त्यांच्या मनात आलं.

"काका," हवालदार म्हणाला, "वर्गात आम्ही बावन्नच होतो."

बुवांना समजायला अंमळ वेळ लागला. मग त्यांनी गज सोडले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं, सरळ उभे राहिले, आणि बोळाच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "हजर."

सवयीने त्यांनी हवालदाराच्या मनगटाकडे पाहिलं. सात वाजून सत्तेचाळीस मिनिटं. लिहायला वही तेवढी नव्हती.